मेघाचं दुसरं पुस्तक

मेघा म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळातलं माझं पात्र, माझं कॅरेक्टर. तिच्या शीटची, म्हणजे तिची सगळी माहिती लिहिलेल्या कागदाची, मागची बाजू मी पुढच्या बाजूपेक्षा जास्त जीव लावून लिहिली होती. पुढे पहिल्या लेव्हलची मेघा होती: वंश हाय एल्फ, क्लास म्हणजे पेशा रोग (लपूनछपून वार करणारा), कमरेला रेपियर ही तलवार. मागे तिचं सगळं भविष्य. तिसऱ्या लेव्हलला स्वॉशबकलर हा सबक्लास (क्लासची उपशाखा), चौथ्याला फीट (जादा कौशल्य) म्हणून एल्व्हन अ‍ॅक्युरसी, आणि असं करत आठव्या लेव्हलपर्यंत. ऑगस्ट २०१९ मधल्या एका रविवारी ते शीट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी मुलुंडहून निघाले. सेंट्रलला मेगाब्लॉक होता, बाहेर पाऊस होता. दादरला पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी पकडली आणि वांद्र्याच्या त्या बोर्डगेम कॅफेत पोचले तेव्हा फोल्डर सोडून माझं सगळं भिजलं होतं.

त्याआधी दोन वर्षं मी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत होते, पण घरचं. आमच्या बिल्डिंगच्या सोसायटी ऑफिसात शनिवारी रात्री मावसभाऊ आणि त्याचे कॉलेजचे मित्र जमायचे. मावसभाऊ डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. तिथे "हे चालेल का?" या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडात असायचं. तो हो म्हणाला की चालायचं. पुढे त्याला बंगळूरला नोकरी लागली, टेबल मोडलं, आणि मला कळलं की अनोळखी लोकांसोबत खेळता येईल अशी एक सोय आहे: अ‍ॅडव्हेंचरर्स लीग. २०१४ मध्ये खेळाची पाचवी आवृत्ती आली त्याच वर्षी ही लीग सुरू झाली. नियम सगळीकडे सारखे, त्यामुळे एकदा बनवलेलं कॅरेक्टर आणि त्याची लॉगशीट, म्हणजे खेळलेल्या खेळांची नोंद, घेऊन कुठल्याही शहरातल्या लीगच्या टेबलावर बसता येतं. मुंबईत तिसऱ्या लेव्हलला पोचलेली मेघा पुण्यातही तिसऱ्याच लेव्हलची.

त्या दिवशीचा डीएम गोरेगावचा, वयानं मोठा. टेबलावरचे सगळे त्याला दादा म्हणत होते, मीही म्हणायला लागले. त्याने माझं शीट पुढून वाचलं, मान हलवली. मग उलटं केलं आणि बराच वेळ मागची बाजू वाचत बसला.

"आजची मेघा ठीक आहे," तो म्हणाला. "मागच्या पानावरची चालणार नाही. तुझं दुसरं पुस्तक कुठलं?"

मला प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे तीन पुस्तकं होती आणि ती तिन्ही खेळ काढणाऱ्या कंपनीनेच छापलेली होती. तसं मी म्हटलंही.

तेव्हा त्याने नियम सांगितला. लीगमध्ये कॅरेक्टर बनवताना प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाचं मूळ नियमपुस्तक, सगळ्यांना मोकळं. त्याशिवाय परवानगीच्या यादीतलं आणखी एक पुस्तक घेता येतं, एकच. वंश, सबक्लास, मंत्र, फीट, जे काही हँडबुकाबाहेरचं असेल ते सगळं त्या एकाच पुस्तकातून यायला हवं. खेळणारे याला 'पीएचबी प्लस वन' म्हणत, पीएचबी म्हणजे प्लेयर्स हँडबुक. मेघाचा बूमिंग ब्लेड हा कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा वापरता येणारा छोटा मंत्र, स्वॉर्ड कोस्ट गाइड या पुस्तकातला होता. स्वॉशबकलर आणि एल्व्हन अ‍ॅक्युरसी मी झॅनाथारच्या पुस्तकातून घेतले होते. हँडबुकाबाहेरची पुस्तकं झाली दोन.

"आज खेळ," दादा म्हणाला. "पहिल्या लेव्हलला तुझ्याकडे फक्त तो कॅन्ट्रिप बाहेरचा आहे, म्हणजे आज तुझं दुसरं पुस्तक स्वॉर्ड कोस्ट. रोगला सबक्लास तिसऱ्या लेव्हलला मिळतो. तोवर घरी बसून ठरव. पाचव्या लेव्हलचा पहिला खेळ खेळेपर्यंत कॅरेक्टर पुन्हा बांधता येतं."

मी खेळले, आणि खेळ छान झाला, पण माझं अर्धं लक्ष त्या मागच्या पानावर होतं. परतीच्या गाडीत मी ते पान पुन्हा पुन्हा काढून बघत होते. वाईट वाटत होतं. मेघाची कल्पनाच स्वॉशबकलर आणि बूमिंग ब्लेड यांच्या जोडीवर उभी होती, आणि ती जोडी का हवी होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

स्वॉशबकलर हा तलवारबाज रोग. तिसऱ्या लेव्हलला त्याला फॅन्सी फूटवर्क मिळतं: आपल्या पाळीत ज्याच्यावर वार केला तो शत्रू, आपण त्याच्यापासून दूर सरकलो तरी, ती पाळी संपेपर्यंत आपल्यावर उलट वार करू शकत नाही. बूमिंग ब्लेडमध्ये वार करताना तलवारीभोवती गडगडाट गुंडाळला जातो. वार बसला की तो शत्रूला चिकटून राहतो, आणि आपली पुढची पाळी यायच्या आत शत्रू स्वतःहून हलला तर त्याला आठ बाजूंच्या फाशाइतकी इजा होते. आता दोन्ही एकत्र करा. मेघा पुढे येते, वार करते, मागे सरकते. शत्रूपुढे दोनच वाटा उरतात: जागेवर उभं राहायचं, किंवा तिच्यामागे यायचं आणि गडगडाट अंगावर घ्यायचा. याची एक किंमतही आहे. कॅन्ट्रिप टाकला की दुसऱ्या हातातल्या खंजिराचा जादा वार मिळत नाही, कारण तो साध्या हल्ल्यासोबतच येतो. मला ती किंमत मान्य होती. वादळासारखी येऊन जाणारी बाई मला हवी होती, म्हणून तर नाव मेघा.

सोमवारपासून मी शोधायला लागले. माझी नोकरी फोर्टातल्या एका विमा कंपनीत. रोज मुलुंड ते सीएसएमटी स्लो गाडी, बसायला मिळालं तर तासाभराचं वाचन. पहिले दोन दिवस मी चुकीच्या पद्धतीने शोधलं. "स्वॉशबकलर लीगमध्ये चालतो का" असं टाइप करायचे आणि येईल ते वाचायचे. उत्तरं भरपूर मिळत, आणि सगळी छातीठोक. कुणी हो म्हणे, कुणी नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी उत्तरांच्या तारखा बघतच नव्हते. स्वॉर्ड कोस्ट गाइड २०१५ चं, झॅनाथार २०१७ चं. २०१६ मध्ये दिलेलं उत्तर झॅनाथारबद्दल काय सांगणार? त्या माणसाने त्याच्या काळी बरोबरच सांगितलं होतं. मी ते तीन वर्षांनी वाचत होते.

शोधात अजून दोन प्रकारचा माल हाती येत होता. हौशी लोकांनी स्वतः बनवलेले क्लास आणि वंश, जे छापील पुस्तकातल्यासारखेच मांडलेले असतात. आणि अनअर्थ्ड आर्केना: कंपनीच अधूनमधून नवे नियम चाचणीसाठी फुकट प्रसिद्ध करते, लोकांनी खेळून बघावेत आणि मत द्यावं म्हणून. त्यावर कंपनीचं नाव असतं, त्यामुळे फसायला होतं. लीगमध्ये चाचणीतलं काही चालत नाही. ते पुढे बदलतं, कधी रद्दही होतं, आणि पुण्याच्या डीएमने चाचणीचा कुठला मसुदा धरायचा हा प्रश्न उभा राहतो.

बुधवारी मी लीगचं स्वतःचं मार्गदर्शक उतरवून घेतलं. खेळाडूंसाठीचं एक आणि त्यासोबत प्रश्नोत्तरांचं एक. दोन्ही फुकट मिळत, दोन्हींवर तेव्हा लीगच्या सीझनचा क्रमांक असायचा. कुणाला माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: आधी हा कागद, मग बाकी जग. त्या थोड्या पानांनी मला दोन दिवसांच्या शोधापेक्षा जास्त दिलं. कॅरेक्टरचे सहा गुण, म्हणजे ताकद, बुद्धी वगैरेंचे आकडे, ठरवताना फासे टाकायचे नाहीत हे तिथे होतं. एकतर १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे घ्यायचे, नाहीतर २७ पॉइंट खर्चून स्वतः विकत घ्यायचे. मी हिशेब करून पाहिला, ते ठरलेले सहा आकडे विकत घेतले तर बरोबर २७ च पॉइंट लागतात. लेव्हल चढताना जिवाचे पॉइंटही फासा न टाकता ठरलेल्या सरासरीने. ज्या वंशांना पहिल्या लेव्हलपासून उडता येतं, पंखांचा आराकोक्रा किंवा पंखवाला टीफलिंग, ते तेव्हा चालत नव्हते. हे वाचून मला आमच्या सोसायटी ऑफिसातला खेळ आठवला. तिथे एकाने आराकोक्रा घेतला होता आणि पहिल्या तीन आठवड्यांत कुठलाही खड्डा, कुठलीही भिंत, कुठलाही तुटलेला पूल अडचण म्हणून उरलाच नव्हता. मावसभावाने त्याच्यासाठी सगळं नव्याने लिहिलं. लीगचा डीएम छापील साहस चालवतो, ते तो असं बदलणार किती?

पुस्तकांची यादी बारकाईने वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. कंपनीने छापलेलं प्रत्येक पुस्तक यादीत नव्हतं. २०१८ मध्ये आलेलं रॅव्हनिकाचं पुस्तक माझ्या कपाटात होतं, पूर्ण अधिकृत, जाड पुठ्ठ्याचं, आणि तरी लीगला ते चालत नव्हतं. तेव्हा लीगची गोष्ट मुख्यतः फरगॉटन रेल्म्स या जगात घडायची. रॅव्हनिका हे दुसरंच जग. रविवारी दादाला "तिन्ही पुस्तकं कंपनीने छापलेली आहेत" असं मी म्हटलं होतं, त्याला अर्थ नव्हता.

मग मी वही केली. आजही ती माझ्याकडे आहे, आईच्या किराणा हिशेबाच्या वहीची उरलेली पानं. चार रकाने. पहिल्यात मला हवी ती गोष्ट. दुसऱ्यात मी ती कुठे पाहिली: एखाद्या पानावर, व्हिडिओत, मित्राकडून ऐकून. तिसऱ्यात ती कुठल्या छापील पुस्तकात आहे. चौथ्यात ती आणखी कुठल्या पुस्तकात आहे का. हा चौथा रकाना मी खरं तर उगीच आखला होता. हँडबुकातली एखादी गोष्ट चुकून बाहेरची समजून एकमेव जागा वाया जाऊ नये, एवढाच विचार होता. गुरुवार-शुक्रवारभर तो रिकामाच राहिला.

शनिवारी मी दादाला मेसेज करून विचारलं की स्वॉर्ड कोस्ट गाइड कुणाकडे बघायला मिळेल. माझ्याकडे ते नव्हतं, बूमिंग ब्लेड मी एका यादीवरून उतरवून घेतला होता. दादाने टेबलावरच्या एका मुलीचा नंबर दिला. ती माटुंग्याला राहते. मी संध्याकाळी तिच्याकडे गेले. तिच्या आईने पोहे केले, आणि आम्ही दोघी पुस्तक मध्ये ठेवून बसलो. मंत्रांची पानं आधी काढली. बूमिंग ब्लेड तिथे होता, ठीक. मग नुसतीच पानं चाळताना क्लासच्या प्रकरणात रोगपाशी आलो. दोन सबक्लास होते. मास्टरमाइंड. आणि स्वॉशबकलर.

मी ते शीर्षक दोनदा वाचलं. स्वॉशबकलर आधी इथेच छापला गेला होता, २०१५ मध्ये. दोन वर्षांनी झॅनाथारमध्ये तो पुन्हा छापला. मी त्याला झॅनाथारमध्ये भेटले म्हणून तो झॅनाथारचा आहे असं धरून चालले होते. तिसऱ्या रकान्यात झॅनाथार खोडून मी स्वॉर्ड कोस्ट लिहिलं, आणि चौथ्यात पहिल्यांदा काहीतरी लिहायला मिळालं. तोच सबक्लास, तीच मेघा. झॅनाथारचं नाव सांगितलं असतं तर गडगडाट गेला असता, स्वॉर्ड कोस्टचं सांगितलं तर दोन्ही राहतात.

त्या क्षणी मला दादाचा प्रश्न कळला. "हे चालतं का" असं त्याने विचारलंच नव्हतं, त्याने पुस्तक विचारलं होतं. मी आठवडाभर गोष्टींची परवानगी शोधत होते आणि परवानगी होती पुस्तकाला.

घरी येऊन मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून शब्द न् शब्द पडताळला, मैत्रिणीच्या पुस्तकाचे फोटो फोनवर आणि माझं झॅनाथार मांडीवर. बरं झालं पडताळला, कारण एका जागी फरक होता. स्वॉशबकलरला एकट्या शत्रूवरही चोरवार करता येतो, म्हणजे साथीदार शेजारी नसला तरी जादा इजा मिळते. जुन्या छपाईत अट एवढीच की त्या शत्रूशिवाय दुसरं कुणी आपल्या पाच फुटांत नसावं. नव्या छपाईत त्यात भर पडली: आपण स्वतः त्या शत्रूच्या पाच फुटांत असायला हवं, आणि वारावर दोन फाशांतला लहान आकडा धरायला लावणारा डिसअ‍ॅडव्हांटेज नसावा. जुन्या शब्दांनी दूर उभं राहून धनुष्याने चोरवार करता आला असता. नव्याने नाही. मी हे दादाला लगेच कळवलं. त्याने लिहिलं, नाव जुन्या पुस्तकाचं दे, पण आपण टेबलावर शब्द नवे धरू, कारण दुरुस्ती मुद्दाम केलेली आहे. मला पटलं. तलवारबाजाने झाडामागून बाण मारणं मला तसंही नको होतं.

राहिली एल्व्हन अ‍ॅक्युरसी, आणि इथे खरं काहीतरी सोडावं लागलं. ही फीट फक्त झॅनाथारमध्ये. ती घेतली की एका गुणात एकची वाढ मिळते, आणि दोन फाशांतला मोठा आकडा धरू देणारा अ‍ॅडव्हांटेज असताना दोन फाशांपैकी एक पुन्हा टाकता येतो. मेघाची डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, मी मुद्दाम १७ ठेवली होती: १५ अधिक एल्फचे २. चौथ्या लेव्हलला फीटचा एक मिळून १८ होणार आणि वर तो तिसरा फासा. सगळं त्या हिशेबाने बसवलेलं. स्वॉर्ड कोस्ट घेतलं की ती फीट गेली, आणि १७ हा विषम आकडा नुसताच लोंबकळत राहिला, कारण या खेळात बोनस सम आकड्यालाच वाढतो.

रविवारचा खेळ नव्हता त्या आठवड्यात. मी दिवसभर पॉइंटांशी झटापट केली. डेक्स्टेरिटी १६ वर आणून ते पॉइंट दुसरीकडे लावले, जमेना. एक तर सुरुवातीला काहीच फायदा दिसत नव्हता, आणि चौथ्या लेव्हलला दोन्ही वाढी तिथेच गेल्या असत्या. रात्री जेवताना सुचलं. चौथ्या लेव्हलला हँडबुकच आपल्याला दोन पॉइंट देतं आणि ते दोन वेगळ्या गुणांना एकेक वाटता येतात. मग दुसराही एक विषम गुण ठेवायचा, आणि दोघांना एकाच दिवशी सम करायचं. डेक्स्टेरिटी १७, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १३. चौथ्याला झाले १८ आणि १४. जिवाचे पॉइंट चौथ्या लेव्हलला २७ व्हायचे ते ३१ झाले, कारण कॉन्स्टिट्यूशनचा बोनस वाढला की मागच्या प्रत्येक लेव्हलचा एकेक पॉइंट धरला जातो. करिश्मा १४ ठेवला, स्वॉशबकलरला आधी पाळी मिळवायला तो लागतो. शहाणपण १२, ताकद १०. बुद्धी ८ होती, हाय एल्फचा एक मिळून ९. बूमिंग ब्लेड तलवारीच्याच वाराने लागतो, त्याला बुद्धी लागत नाही, म्हणून ती खाली ठेवायला धीर झाला.

तिसऱ्या फाशाचा मोह मात्र लगेच गेला नाही. झॅनाथार हे माझं स्वतःचं पुस्तक होतं, पहिल्या पगारातून मागवलेलं. त्यातलं एकही पान मेघाला मिळणार नव्हतं. आणि मी दुसऱ्याचं पुस्तक तिच्या नावापुढे लिहिणार होते. पण कुणी मला त्या दिवशी विचारलं असतं की मेघाचं एकच काय ठेवायचं, तर मी गडगडाटच म्हटलं असतं. म्हणून तो ठेवला. पुढच्या खेळाला दादाने नवं शीट मागून-पुढून वाचलं, लॉगशीटच्या वर कोपऱ्यात 'पीएचबी + स्वॉर्ड कोस्ट' असं लिहायला लावलं आणि शीट परत दिलं. त्याने दुसरं काही म्हटलं नाही. मला फार आनंद झाला होता.

सप्टेंबरमध्ये सीझन बदलला, नववा आला, अ‍ॅव्हर्नसच्या साहसांचा. मी नवं मार्गदर्शक उतरवून पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. खजिना, सोनं, लेव्हल चढणं, या सगळ्याचा हिशेब बदललेला. एका पुस्तकाची अट तशीच. वहीत तारीख टाकून मी प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली. पुढे ही सवय फार उपयोगी पडली. २०२० च्या नोव्हेंबरात ताशाचं पुस्तक आलं आणि बूमिंग ब्लेड त्यात पुन्हा छापला गेला, थोड्या बदललेल्या शब्दांत, निदान एका चांदीच्या नाण्याच्या किमतीचं हत्यार हातात हवं अशा अटीसह. मैत्रिणीचा उत्साहाने फोन आला, आता ताशा घे म्हणून. वही काढली. चौथ्या रकान्यात बूमिंग ब्लेडपुढे ताशा लिहिलं, पण स्वॉशबकलर ताशात नव्हता. मेघाला दोन्ही देणारं पुस्तक अजून एकच होतं. नंतर लीगने एका पुस्तकाची अटच काढून टाकली, आणि २०२४ मध्ये नवं हँडबुक आलं त्यात रोगच्या चार सबक्लासांमध्ये स्वॉशबकलर नाही. म्हणून आज कुणी मला मेघासारखं कॅरेक्टर बनवायचं आहे म्हणून विचारलं तर मी २०१९ ची माझी वही दाखवत नाही. लीगचा सध्याचा कागद उतरवून घ्यायला सांगते.

ऑक्टोबरच्या एका रविवारची गोष्ट मात्र सांगायची आहे. कल्याणहून एक पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांसोबत आला होता. वडील बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसले, मुलगा आत. त्याच्या हातात स्पायरल बाइंडिंग केलेला जाड गठ्ठा होता, शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेला. मिस्टिक. हा मनाच्या शक्तीने लढणारा क्लास, कंपनीने चाचणीसाठी काढलेला, २०१७ मध्ये सगळ्यात सविस्तर, आणि पुढे कधीच पुस्तकात न आलेला. पोराने त्यावर पेन्सिलीने समासात टिपा केल्या होत्या. दादाने पहिलं पान बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

मला त्या मुलाचा चेहरा बघवेना. दोन महिन्यांपूर्वी माझं मागचं पान उलटलं गेलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि तरी गाडीत रडू आलं होतं. मी म्हटलं, "दादा, मला वीस मिनिटं दे." मुलाला घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसले.

"ताई, पण हे त्यांनीच काढलंय," तो म्हणाला. "खाली त्यांचं नाव आहे."

"त्यांनीच काढलंय, पण करून बघण्यासाठी. इथे छापून पक्कं झालेलंच चालतं. तू मला मिस्टिक नको सांगूस. तुला खेळताना काय करायचंय ते सांग."

तो जरा थांबला. मग म्हणाला, न बोलता दुसऱ्याच्या मनात बोलायचंय. वर्गात त्याला पटकन बोलता येत नाही, एवढंच त्याने पुढे सांगितलं.

मी हँडबुक उघडलं. वॉरलॉक क्लासमध्ये पुरातन, जगाबाहेरच्या शक्तीशी करार केलेला एक प्रकार आहे, द ग्रेट ओल्ड वन. तेव्हाच्या हँडबुकानुसार त्याला पहिल्याच लेव्हलला, तीस फुटांच्या आत दिसणाऱ्या कुठल्याही जीवाशी मनातून बोलता येतं. समोरच्याला तुमची भाषा येत असलीच पाहिजे असंही नाही, कुठली तरी एक भाषा येत असली की पुरे. मुलाने तो परिच्छेद स्वतः वाचला, मग बोट ठेवून पुन्हा वाचला. हे सगळं हँडबुकातच, सगळ्यांना मोकळं असलेल्या पुस्तकात. त्याची दुसऱ्या पुस्तकाची जागा अजून शिल्लक होती.

"मग त्या जागी काय लिहू?"

"आज काहीच नको. रिकामी ठेव. घाई कुठे आहे?"

आम्ही पंधरा-वीस मिनिटांत त्याचे आकडे बसवले. त्या दिवशीच्या खेळात तळघरातल्या खोलीत आमची एक साथीदार पलीकडच्या बाजूला अडकली होती, दार बंद, आणि ओरडलं तर पहारेकरी जागे होणार होते. दाराला गजांची छोटी खिडकी होती, तीतून ती मुलाला दिसत होती. त्याने फासा टाकला नाही, काही विचारलं नाही, दादाकडे बघून हळूच म्हणाला, "मी तिच्या मनात सांगतो, किल्ली पहारेकऱ्याच्या पट्ट्याला आहे." दादाने मान डोलावली आणि त्या मुलीकडे वळून विचारलं, "तुझ्या डोक्यात अचानक एक आवाज आला. काय करतेस?" टेबल एकदम शांत झालं. बाहेर बसलेले वडील काचेतून बघत होते.

डिसेंबरमध्ये मेघाच्या चार लेव्हल पूर्ण झाल्या. पुढचा खेळ पाचव्या लेव्हलचा, म्हणजे बदलायची शेवटची संधी त्याच्या आधी. शनिवारी रात्री मी वही, शीट आणि झॅनाथार तिन्ही काढून बसले. एल्व्हन अ‍ॅक्युरसीचं पान उघडून वाचलं. अजूनही घेता आली असती: कॅन्ट्रिप बदलायचा, स्वॉशबकलर झॅनाथारचा म्हणायचा, आकडे पुन्हा लावायचे. मग पाचव्या लेव्हलच्या मेघाचा वार कसा होतो ते मी कागदावर मांडून पाहिलं. रेपियरचा एक फासा, चोरवाराचे आता सहा बाजूंचे तीन, आणि पाचव्या लेव्हलला बूमिंग ब्लेड वाढतो, म्हणून वारासोबतच आठ बाजूंचा एक जादा, शत्रू हलला तर आणखी दोन. झॅनाथार कपाटात ठेवलं.

रविवारी मेगाब्लॉक हार्बरला होता, सेंट्रल वेळेवर. वांद्र्याला पोचले तर मुलगा आधीच आला होता, या वेळी एकटा. त्याच्या शीटवर दुसऱ्या पुस्तकाची जागा अजून रिकामी होती. दादाने माझी लॉगशीट बघितली, कोपऱ्यातली ओळ वाचली.

"बदल काही?"

"नाही."

"मग पाचव्या लेव्हलपासून हे पक्कं."

पहिल्याच लढाईत मेघाची पाळी सगळ्यांच्या आधी आली. मी फासे उचलले. वार लागला, मी तिला तीन चौकोन मागे नेलं. समोरचा राक्षस तिच्यामागे यायला निघाला.